नागिणीवर मिरचीचं मलम: आधी आग आणि मग बधिर, हे होतं कसं?

रानजाई

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही. आई ६९ वर्षांची, सांगलीला असते. गणपतीच्या आसपास तिला उजव्या अंगाला पाठीपासून पार छातीखालपर्यंत नागीण उठली. फोड वाळले, खपल्या पडल्या, पण आग काही गेली नाही, आता सात महिने होत आले. पदर नुसता घासला तरी कळवळते, रात्री पंख्याचा वारा लागला तर उठून बसते. सुरुवातीला शेजारच्या आजींनी गेरू लावायला सांगितला आणि वर नागिणीची दोन्ही तोंडं जुळली की माणूस जातो हेही ऐकवलं, त्यामुळे आई आधीच घाबरलेली.

आता डॉक्टरांनी प्रीगॅबालिनच्या गोळ्या दिल्यात आणि सोबत मिरचीच्या अर्काचं मलम, कॅप्सेसिन ०.०७५ टक्के, दिवसातून चार वेळा लावायचं. पहिल्यांदा लावलं तेव्हा मी समोर होते. पाच मिनिटं काही नाही आणि मग ती जी तडफडायला लागली, म्हणाली निखारा ठेवलाय गं कुणीतरी. ते काढायला म्हणून गरम पाण्याने धुतलं तर आग दुप्पट. तेव्हापासून असं चाललंय की दोन दिवस लावते, चार दिवस बंद, मी फोनवर रागावले की परत लावते आणि दर वेळेला पहिल्या दिवसासारखीच आग. डॉक्टर म्हणाले "रोज लावा, सवय होईल", पण बाहेर एवढी गर्दी होती की पुढचं विचारायचं राहूनच गेलं.

तर सवय होते म्हणजे नक्की कशाला होते, कातडीला, नसेला का मेंदूला? आईच्या डोक्यात बसलंय की हे मलम नस जाळून टाकतं आणि ती बाजू कायमची मरणार. तसं आहे का? जी वस्तू आग करते तीच आग थांबवते कशी? आणि आई जन्मभर ठेचा-भाकरी खाल्लेली बाई आहे, मग तिला ही सवय आधीच कशी नाही? मी कॉमर्सची, पण नीट सांगितलंत तर दोनदा वाचेन, कारण मला हे तिला समजावून सांगायचंय.

पिपेटवाला

रानजाई ताई, आईंना ज्या एका प्रोटीनमुळे ही आग होतेय त्याच प्रोटीनवर मी पीएचडीची पाच वर्षं काढलीत, त्यामुळे सविस्तर लिहितो.

नसेच्या टोकाला जे पेशीचं आवरण असतं ते स्निग्ध पदार्थाचं, म्हणजे तेलाच्या पातळ थरासारखं. सोडियम, कॅल्शियम असे विद्युतभार असलेले कण, म्हणजे आयन, त्यातून आरपार जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी त्या थरात प्रोटीनची दारं बसवलेली असतात, तीच आयन चॅनल. प्रत्येक दाराची आपली आपली किल्ली. तुमच्या आईंच्या बाबतीतल्या दाराचं नाव टीआरपीव्ही१. ते साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर तापलं की उघडतं, आम्लाने उघडतं आणि मिरचीतल्या कॅप्सेसिननेही उघडतं. दार उघडलं की आयन आत घुसतात, नस पेटते, मेंदूला निरोप जातो "भाजतंय". निरोप तोच, मग कारण इस्त्री असो की मिरची, म्हणून आईंना निखारा वाटला ते अगदी बरोबर आहे, त्यांच्या नसेने निखाऱ्याचाच निरोप पाठवला. गरम पाण्याचंही उत्तर इथेच आहे. कॅप्सेसिन चिकटलेलं असताना हे दार ४३ ची वाट बघत नाही, त्याच्या बऱ्याच खाली उघडतं, अंघोळीचं कोमट पाणीसुद्धा त्याला पुरतं.

हे दार सापडलं १९९७ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोला डेव्हिड ज्युलियस यांच्या लॅबमध्ये. त्यांनी उंदराच्या वेदनेच्या नसांमधली जीन्स गठ्ठ्यागठ्ठ्याने अशा पेशींमध्ये घातली ज्यांना मिरचीशी काही देणंघेणं नाही आणि वरून कॅप्सेसिन टाकून पाहिलं की कुठली पेशी कॅल्शियमने चमकते. चमकली त्या गठ्ठ्याचे पुन्हा तुकडे, पुन्हा तपासणी, असं करत करत शेवटी एक जीन हाती लागलं. २०२१ चं नोबेल त्यांना आणि आर्डेम पटापूटियन यांना मिळालं ते या आणि स्पर्शाच्या चॅनलच्या कामासाठी.

आता सवय. मी टेबलावर जे रोज बघायचो तेच सांगतो. काचेची पिपेट ओढून तिचं टोक जेमतेम एक मायक्रॉनचं करायचं, सूक्ष्मदर्शकाखाली एका पेशीवर हलकेच टेकवायचं आणि नळीतून तोंडाने किंचित ओढायचं, मग पेशीचं आवरण काचेला घट्ट चिकटतं. आत जाणारा विद्युतप्रवाह स्क्रीनवर रेषेसारखा दिसतो, आत जाणारा म्हणून तो खाली उतरतो. कॅप्सेसिन सोडलं की रेषा दोन-तीन सेकंदांत धाडकन दरीत. आणि मग, कॅप्सेसिन अजून वाहतंच आहे, एक थेंब कमी केलेला नाही, तरी रेषा हळूहळू वर चढायला लागते. मिनिटभरात बराचसा प्रवाह गेलेला. धुऊन काढायचं, काही मिनिटं थांबायचं, तेवढंच कॅप्सेसिन परत सोडायचं, की दुसरी दरी पहिलीपेक्षा उथळ आणि तिसरी त्याहून उथळ. दार जागेवर आहे, किल्ली कुलपात आहे, पण दार उघडत नाही. याला आम्ही डिसेन्सिटायझेशन म्हणतो, आणि डॉक्टरांच्या तोंडच्या "सवय होईल" ची सुरुवात इथून होते.

आता यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. बाहेरच्या द्रावणातून कॅल्शियम काढून टाका आणि हाच प्रयोग परत करा. रेषा दरीत उतरते आणि तिथेच बसून राहते, वर येतच नाही. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी चार पेशींवर परत परत करून पाहिलं, कारण विश्वासच बसेना की एवढा साधा फरक एवढं सगळं बदलतो. म्हणजे काय, तर त्या दारातून जो कॅल्शियम आत येतो तोच आतून ते दार गप्प करतो. पेशीच्या आत कॅल्शियम बाहेरच्या मानाने सुमारे दहा हजार पट कमी ठेवलेला असतो, त्यामुळे थोडा जरी आत आला तरी आतल्या सगळ्यांना लगेच कळतं. कॅल्मोड्युलिन नावाचं प्रोटीन त्याला पकडून दाराच्या शेपटीवर जाऊन बसतं, कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम दारावरचे फॉस्फेट काढून घेतं, आणि आवरणाच्या आतल्या बाजूला पीआयपी२ नावाचा एक स्निग्ध रेणू असतो तो तुटायला लागतो, ज्याच्या आधारावर हे दार नीट काम करतं. कुणाचा वाटा किती यावर आमच्यात भांडणं आहेत, माझं मत त्या पीआयपी२ च्या बाजूने. पण आईंना सांगायला एवढं पुरे: आग लावणारा आणि आग विझवणारा एकच आहे, आणि तो आत आल्याशिवाय विझणं सुरू होत नाही.

म्हणून दोन दिवस लावून चार दिवस बंद ठेवणं हा सगळ्यात वाईट प्रकार होतोय. पेशी गप्प बसत नाही, तिला निवांतपणा मिळाला की ती एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून तो पीआयपी२ परत तयार करते, फॉस्फेट परत लावते, दार पुन्हा ताजं. मग आईंना दर वेळी आगीचा पूर्ण हिस्सा मिळतो आणि गप्प होण्याचा काहीच नाही.

नस मरते का? नाही. पण रोज लावत राहिल्यावर दाराच्या पलीकडेही एक गोष्ट होते. कातडीच्या अगदी वरच्या थरात नसांची जी केसाहून बारीक टोकं असतात ती काही दिवसांत मागे सरतात, झाडाची कोवळी पालवी करपावी तशी. मूळ पेशी मणक्याजवळच्या गाठीत असते, ती शाबूत राहते, आणि मलम बंद केल्यावर काही आठवड्यांत टोकं परत वाढतात. हंगेरीत मिक्लोश यांचो यांनी १९४० च्या दशकातच पाहिलं होतं की कॅप्सेसिन वारंवार दिलेल्या प्राण्यांना झोंबणारी द्रव्यं झोंबेनाशी होतात पण साधा स्पर्श कळतच राहतो. तेव्हा चॅनल हा प्रकार कुणी पाहिलेला नव्हता.

ठेच्याचं म्हणाल तर हे गप्प होणं त्या त्या जागेपुरतं असतं. आईंची जीभ सरावलेली आहे, पण छातीच्या नसांनी ठेचा कधी चाखलेला नाही. जाता जाता, पक्ष्यांमध्येही हेच चॅनल असतं आणि उष्णतेने ते उघडतंही, फक्त कॅप्सेसिन त्यांना कळत नाही, म्हणून आपल्याकडचा पोपट हिरवी मिरची कराकरा खातो त्यात सवयीचा काही भाग नाही.

भूलवाली

मी भूलतज्ज्ञ आहे आणि आठवड्यातून दोन दिवस पेन क्लिनिक बघते, त्यामुळे अशा आया मला रोज भेटतात. पिपेटवाल्यांनी आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगते.

रानजाई, आधी तो दोन तोंडं जुळण्याचा विषय संपवून टाका. नागिणीचा विषाणू लहानपणच्या कांजिण्यांनंतर मणक्याजवळच्या गाठींमध्ये दडून बसतो आणि उठतो तो बहुतेक वेळा एकाच गाठीतून, एकाच बाजूला, त्या नसेच्या पट्ट्यापुरता. म्हणून तो पट्टा शरीराच्या मधल्या रेषेपाशी येऊन थांबतो. आईंना आरशात दाखवा, छातीच्या मधोमध कसा थांबलाय ते.

मलमाचं: हातात ग्लोव्ह घालून लावायचं, अगदी पातळ, चोळून जिरवायचं. लावायच्या आधी आणि नंतर तासभर तरी गरम पाण्याची अंघोळ नको, उन्हात बसणं नको. फारच आग झाली तर पाण्याने काही होणार नाही कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, आधी खोबरेल तेलाचं बोट फिरवून पुसून घ्या आणि मग साबण, आणि वर गार पाण्याची घडी ठेवा. कुठे कातडी फुटलेली असेल, फोड असेल तर तिथे अजिबात नाही. डोळ्याला हात लागू द्यायचा नाही. फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि ते मी पेशंटला पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर गोल करून देते, नाहीतर तिसऱ्या दिवशी ट्यूब कपाटात जाते. आग सोसवतच नसेल तर मात्र तशीच सोसत बसू नका, डॉक्टरांना परत दाखवा, बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचा पॅच आहे, गोळीचा डोस बदलता येतो. परदेशात कॅप्सेसिनचा ८ टक्क्यांचा पॅचही मिळतो, अमेरिकेत २००९ मध्ये नागिणीनंतरच्या वेदनेसाठीच त्याला मान्यता मिळाली, तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली एक तास लावतात आणि मग तीन महिने तरी परत नाही.

आणि आईंना हे नक्की सांगा की त्या नाजूक नाहीयेत. नागिणीनंतरची वेदना फार वाईट असते, मी धट्टेकट्टे पैलवान रडताना पाहिलेत.

दुसरंवर्ष_बीएस्सी

धागा मस्त चाललाय. मला एक विचारायचंय, परीक्षेसाठी पण आणि खरंच कळत नाही म्हणून पण. आम्हाला सोडियम चॅनलचं इनॅक्टिव्हेशन शिकवलं, आणि वरती डिसेन्सिटायझेशन आलंय, दोन्हीत चॅनल ऐकेनासं होतं मग दोन नावं कशाला? आणि सरांनी बोर्डवर क्लोज्ड आणि इनॅक्टिव्हेटेड अशा दोन वेगळ्या चौकटी काढल्या, पण दोन्हीतून करंट जातच नाही तर फरक काय?

पिपेटवाला

तुझा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो कळला की पहिला आपोआप सुटतो.

बेसिनचं साखळीला बांधलेलं रबरी बूच डोळ्यासमोर आण. नळाचं पाणी खाली जाण्यासाठी समज तिथे एक झडप पण आहे. झडप मिटलेली आहे, बूच बाजूला लोंबतंय: हे क्लोज्ड. आत्ता इशारा आला तर झडप लगेच उघडेल. झडप उघडली, पाणी वाहतंय: ओपन. आणि मग वाहणं सुरू झाल्या झाल्या बूच जाऊन भोकात बसलं: इनॅक्टिव्हेटेड. आता झडपेला कितीही इशारे दे, ती उघडी असूनही पाणी जात नाही. बूच निघायला आधी झडप मिटावी लागते, म्हणजे पेशीचा व्होल्टेज परत उणे बाजूला जावा लागतो आणि काही मिलिसेकंद तिथे राहावा लागतो. तोवर ते चॅनल बहिरं. नसेतला झटका एकाच दिशेने पुढे जातो, उलटा फिरत नाही, तो या बहिरेपणामुळे, कारण मागची चॅनल नुकतीच बुचात गेलेली असतात.

हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये हे स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड नसेवर मोजलं आणि समीकरणात एच नावाची एक राशी घातली, बूच काय आहे हे माहीत नसताना. नंतर आर्मस्ट्राँग, बेझानिया आणि रोहास यांनी १९७३ मध्ये त्या नसेच्या आतून प्रोनेज सोडलं, म्हणजे प्रोटीन कुरतडणारं एन्झाइम. काय झालं माहितीय? चॅनल उघडायची पहिल्यासारखी, पण बंद व्हायची नाहीत. बूच कुरतडलं गेलं! आणि त्यावरून हेही कळलं की बूच आतल्या बाजूला असतं, कारण प्रोनेज बाहेरून लावून काही होत नव्हतं. १९९० मध्ये हे एका पोटॅशियम चॅनलवर उघड दिसलं. त्या प्रोटीनच्या सुरुवातीचा वीसेक अमिनो आम्लांचा तुकडा कापला की इनॅक्टिव्हेशन गायब, आणि तोच तुकडा सुटा बनवून द्रावणात आतून सोडला की इनॅक्टिव्हेशन परत हजर. साखळी नसली तरी बूच आपलं भोक शोधतंच. हा प्रयोग वाचला तेव्हा मी ठरवलं की हेच करायचं आयुष्यात.

सोडियम चॅनलमध्ये ते काम तीन अमिनो आम्लं करतात, आयसोल्युसिन, फेनिलअ‍ॅलानिन, मेथिओनिन, त्या प्रोटीनच्या चार भागांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या भागाच्या मधल्या दोरीवर. नव्या रचनांमध्ये मात्र ती भोकात न बसता शेजारच्या फटीत पाचरीसारखी शिरलेली दिसतात आणि भोक बाजूने दाबून बंद करतात, त्यामुळे परीक्षेत बूच लिही पण मनात पाचर ठेव.

आता पहिला प्रश्न. व्होल्टेजने उघडणाऱ्या चॅनलबद्दल बोलताना आपण इनॅक्टिव्हेशन म्हणतो आणि रेणू चिकटून उघडणाऱ्या चॅनलबद्दल डिसेन्सिटायझेशन. दुसऱ्याचं मूळ उदाहरण म्हणजे काट्झ आणि थेस्लेफ, १९५७, बेडकाचा स्नायू. अ‍ॅसिटाइलकोलिन, म्हणजे नस स्नायूला निरोप द्यायला जे रसायन सोडते ते, सोडत राहिलं तरी प्रतिसाद काही सेकंदांत ओसरतो आणि थांबवलं की हळूहळू परत येतो. त्यांनी तेव्हाच लिहिलं की रिसेप्टरची, म्हणजे तो रेणू ज्याला चिकटतो त्या प्रोटीनची, एक तिसरी अवस्था असली पाहिजे, जिथे रेणू उलट जास्त घट्ट चिकटतो पण दार बंदच राहतं. आणि एक लक्षात ठेव, वर्गात फार गोंधळ होतो तो हा की औषधाने भोक अडवणं हे वेगळं, पेशीने चॅनल आवरणातून आत ओढून घेणं हे वेगळं. डिसेन्सिटायझेशनमध्ये चॅनल जागेवर असतं, भोकात परकं काही नसतं, ते स्वतःच आकार बदलून ऐकेनासं होतं.

भूलवाली

या दोन्ही गोष्टी मी रोज सकाळी ऑपरेशन टेबलवर बघते, एकाच इंजेक्शनमध्ये. सक्सिनिलकोलिन, आमच्याकडे सगळे स्कोलिनच म्हणतात. घशात नळी घालायची असते तेव्हा देतो. अ‍ॅसिटाइलकोलिनचे दोन रेणू जोडल्यासारखा हा रेणू, त्यामुळे स्नायूवरचं दार तो उघडतो. शिरेतून गेलं की वीस-तीस सेकंदांत पापण्या फडफडतात, मग गाल, खांदे, छाती, पार पायाच्या बोटांपर्यंत कातडीखालून लाट गेल्यासारखं दिसतं, आणि मग सगळं लुळं. मिनिटभरात जबडा हातात सैल येतो.

नवीन रेसिडेंटला मी हमखास विचारते, दार उघडणारं औषध देऊन माणूस लुळा कसा पडला? उत्तर असं की स्कोलिन लगेच तुटत नाही, तिथेच बसून राहतं, त्यामुळे ती जागा विद्युतदृष्ट्या पेटलेलीच राहते आणि तिच्या शेजारची सोडियम चॅनल पिपेटवाल्यांच्या बुचासकट इनॅक्टिव्हेटेड अवस्थेत अडकून पडतात. व्होल्टेज परत खाली जातच नाही तर बूच निघणार कसं? पाच-दहा मिनिटांत रक्तातलं एन्झाइम स्कोलिन तोडतं, मग स्नायू परत येतात. पण फार जास्त किंवा वारंवार दिलं तर पुढे स्नायूवरचा रिसेप्टरच डिसेन्सिटाइझ होतो, आम्ही त्याला फेज टू ब्लॉक म्हणतो, आणि मग लवकर सुटका नाही. काट्झने बेडकात जे पाहिलं तेच.

दातवाल्याकडचं लिग्नोकेनसुद्धा इनॅक्टिव्हेटेड आणि उघड्या चॅनलला जास्त घट्ट धरतं, मिटलेल्याला कमी. म्हणजे जी नस जास्त बडबड करतेय तिलाच ते आधी गाठतं. रानजाई, वर तुम्हाला सुचवलेला पॅच याच लिग्नोकेनचा.

महाडकर

मी शास्त्रातला नाही, पण वाचता वाचता एक गोष्ट डोक्यात आली म्हणून विचारतो. माझ्या काकांना भाताच्या पेंढ्यात हात घातल्यावर लाल विंचू चावला होता, मी तेव्हा सातवीत होतो. पहिल्या अर्ध्या तासात सदरा पिळून काढावा एवढा घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार, छाती धडधड धडधड. आमच्याकडे जुनी माणसं म्हणायची लाल विंचवाचं माणूस सकाळ बघत नाही. पण तोवर आमच्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनची गोळी सुरू केलेली होती, ती दिली आणि काका तिसऱ्या दिवशी घरी आले. मला नेहमी वाटायचं विंचवाचं विष म्हणजे ते नसा मारतं. तुम्ही लोक जे बूच म्हणताय त्याचा आणि विंचवाचा काही संबंध आहे का?

पिपेटवाला

महाडकर, अहो संबंध म्हणजे याहून थेट उदाहरण मी शोधूनही दिलं नसतं!

लाल विंचवाच्या विषात जी अल्फा प्रकारची टॉक्सिन असतात ती सोडियम चॅनलला बाहेरून येऊन चिकटतात, त्याच्या चौथ्या भागातला जो व्होल्टेज ओळखणारा दांडा असतो त्याच्यापाशी. तो दांडा पूर्ण वर सरकला की बुचाला आत बसायची परवानगी मिळते. टॉक्सिन तो दांडा धरून ठेवतं. चॅनल उघडतं, पण वेळेवर बंद होत नाही. जो झटका एक-दोन मिलिसेकंदांत संपायचा तो लांबतो, एकाच्या जागी अनेक झटके जातात. नस मरत नाही, तिला थांबताच येत नाही. घामाच्या ग्रंथींकडे, पोटाकडे, हृदयाकडे, रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या सगळ्या नसा एकदम ओरडायला लागतात आणि अ‍ॅड्रिनलिन, नॉरअ‍ॅड्रिनलिनचा पूर येतो. काकांचा घाम, गार हातपाय, धडधड सगळं त्यातलंच. पुढे रक्तदाब वाढून हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं, आणि माणूस जायचा तो त्याने.

प्राझोसिन त्या चॅनलला हातही लावत नाही. ते रक्तवाहिन्यांवरचे अल्फा रिसेप्टर, म्हणजे नॉरअ‍ॅड्रिनलिन जिथे चिकटतं त्या जागा, अडवतं, म्हणजे नसा ओरडत असल्या तरी रक्तवाहिन्या आवळत नाहीत आणि विष उतरेपर्यंतचे तास निभावतात. डॉ. बावस्करांनी हे एका तालुक्याच्या गावात पेशंटच्या उशाशी बसून, रात्र रात्र रक्तदाब मोजून शोधलं आणि १९८० च्या दशकात लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या मते आयन चॅनलच्या रोगाचा इतका स्वस्त आणि इतका अचूक उपाय दुसरा नाही.

आणखी एक, याच विंचवाच्या विषातून वेगळं काढलेलं आयबेरियोटॉक्सिन जगभरच्या लॅबमध्ये एक विशिष्ट पोटॅशियम चॅनल ओळखायला वापरतात. आमच्या फ्रीजमध्येही एक छोटी कुपी असायची, काढताना प्रत्येक वेळी कोकण आठवायचं.

दुसरंवर्ष, तू पण बघ, बूच नीट न बसण्याचे जन्मजात आजारही आहेत. हृदयातल्या सोडियम चॅनलचं जीन एससीएन५ए, त्यात असे बदल सापडलेत की इनॅक्टिव्हेशन अर्धवट राहतं, थोडा प्रवाह गळतच राहतो आणि ईसीजीवर क्यूटी, म्हणजे ठोका सुरू झाल्यापासून हृदय परत तयार होईपर्यंतचा वेळ, लांबतो, त्याला लाँग क्यूटी तिसरा प्रकार म्हणतात. स्नायूच्या चॅनलमध्ये तसाच बिघाड झाला तर काहींना थंडीत स्नायू आखडतात, पापण्या मिटल्या की उघडत नाहीत.

दुसरंवर्ष_बीएस्सी

सर, लेक्चरमध्ये हे असं सांगितलं असतं तर मी झोपलो नसतो. एक छोटी शंका, जिभेला तिखट जास्त जास्त लागत जातं खाताना, कमी होत नाही, मग तिथे डिसेन्सिटायझेशन कुठे गेलं?

पिपेटवाला

चांगली शंका आहे. घास लागोपाठ चालू असताना आग चढतच जाते कारण कॅप्सेसिन साठत जातं, नवीन नवीन नसांपर्यंत झिरपतं. मधे काही मिनिटं थांबलास आणि मग पुन्हा खाल्लंस तर मात्र तेवढंच तिखट कमी लागतं. म्हणजे गप्प होणं त्या विश्रांतीत दिसतं. मिसळीची दुसरी प्लेट गप्पा मारून मग मागवलीस तर करून बघ. ताईंच्या आईंच्या बाबतीत मात्र विश्रांती चार दिवसांची नको, काही तासांचीच हवी, म्हणून दिवसातून चार वेळा.

रानजाई

मंडळी, सहा आठवड्यांनी लिहितेय, आधी वेळ झाला नाही त्याबद्दल माफ करा.

त्या रविवारी मी सांगलीला गेले आणि कॅलेंडरच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पिपेटवाल्यांनी सांगितलेली रेषा काढून आईला दाखवली. पहिली दरी खोल, दुसरी उथळ, तिसरी अजून उथळ. खाली तिची रेषा काढली, दोन दिवस लावून चार दिवस बंदची, सगळ्या दऱ्या सारख्याच खोल. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, म्हणजे मी रोज पहिलीच दरी उतरतेय होय. तेवढं तिला पुरलं. आरशात पट्टा छातीच्या मधोमध थांबलेला पण दाखवला. शेजारच्या आजींना बोलावून तिने स्वतः दाखवला.

मग तेव्हापासून न चुकता चार वेळा, ग्लोव्ह घालून, अंघोळ सकाळी लवकर उरकून. पहिले पाच दिवस फार वाईट गेले, खोटं सांगत नाही, मी रजा काढून तिथेच राहिले. तिसऱ्या दिवशी रात्री ती म्हणाली फेकून दे ती ट्यूब, मग तेल लावून पुसलं, गार घडी ठेवली, आणि सकाळी तिनेच परत मागितली. आठव्या दिवशी लावल्यावरची आग तासाभराऐवजी वीस मिनिटांवर आली. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली आता नुसतं ऊन लागल्यासारखं वाटतं. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी गोळी तीच ठेवलीय आणि मलम अजून चालू ठेवायला सांगितलंय.

पूर्ण बरं झालंय असं नाही. पदर अजून खुपतो, म्हणून आम्ही मऊ सुती ब्लाउज उलटा शिवून घेतला, शिवण बाहेरच्या बाजूला. पण परवा रात्री मी साडेतीनला पाणी प्यायला उठले तर आई झोपलेली होती, पंखा दोनवर चालू. मी दारात उभी राहून थोडा वेळ बघत होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

महाडकर, तुमच्या काकांची गोष्ट आईला वाचून दाखवली. तिने विचारलंय काका आता कसे आहेत.